दोन उभ्या रेघा

वाचकांचे प्रश्न : शिक्षण आणि संशोधन

या वेळी पीएच.डी.विषयी तीन पत्रं आली. एक मुलगा अजून दारातच उभा आहे, एक बाई वाटेत अडकल्या आहेत आणि एक वडील आपल्या मुलीकडे काळजीने बघत आहेत. तिन्ही पत्रं एकत्रच घेते. मी स्वतः इतिहासाची. तीस वर्षं कॉलेजात शिकवलं, आता बडोद्याला दांडिया बाजारातल्या घरी असते. माझ्या हाताखाली काही मुलांनी थीसिस पूर्ण केले, दोघांनी अर्ध्यात सोडले. त्या दोघांची आठवण मला जास्त येते.

प्रश्न : वय २४, राज्यशास्त्रात एम.ए. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, थोडक्यात हुकली, पण पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरलो. नोकरीचं काही जमत नाही. घरचे म्हणतात, तोवर पीएच.डी. करून टाक. करू का? आणि गाइड कसा निवडायचा? – एक वाचक, इंदूर

उत्तर : तू माझ्या नातवाच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करते. 'तोवर' म्हणून पीएच.डी.ला जाऊ नकोस. नोकरी लागली की थीसिस मागे पडतो. नोकरी नाही लागली तर चार वर्षांनी दोन्हींची चिंता डोक्यावर बसते. हे मी वर्गातल्या मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे.

तरी ओढ असेल, तर आधी एक कर. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची 'शोधगंगा' आहे, तिथे देशभरातले थीसिस फुकट वाचायला मिळतात. तुझ्या विषयातला एक थीसिस उतरवून घे आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाच. तीन आठवडे लागतील, लागू देत. वाचून झाल्यावर त्या लेखकाशी भांडावंसं वाटलं, त्याने हे विचारायला हवं होतं असं मनात आलं, तर अर्ज कर. नुसती झोप आली असेल तर दुसरी वाट धर. त्यात कमीपणा काही नाही.

गाइडचंही तिथेच कळतं. त्यांच्या हाताखाली पूर्ण झालेले थीसिस बघ. नोंदणी कधीची आणि काम पूर्ण कधी झालं, हे बऱ्याच ठिकाणी दिलेलं असतं. प्रोफेसरला एका वेळी आठच विद्यार्थी घेता येतात, असोसिएटला सहा, असिस्टंटला चार. म्हणजे जागा आहे का ते आधी विचार. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्यांना नवा विद्यार्थी घेताच येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं : त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना चहाला ने. दिलेला कागद सर किती दिवसांत वाचून परत देतात, एवढंच विचार. गाइड किती विद्वान आहेत, यापेक्षा हे उत्तर तुझ्या जास्त कामाचं आहे.

पैशांचं स्पष्ट बोलते. जेआरएफवाल्याला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० मिळतात. तुला ते नाहीत. आमच्या गुजरातेत राज्य सरकारची 'शोध' नावाची योजना आहे, तिच्यात महिना १५,००० मिळतात. तुझ्या विद्यापीठात काय सोय आहे, ते प्रवेशाआधी लेखी विचारून घे. आणि एक लक्षात ठेव : तुझ्या गटाला, म्हणजे जेआरएफ नसलेल्या पात्र मुलांना, प्रवेशात नेटच्या गुणांचं वजन ७० टक्के आणि मुलाखतीचं ३० टक्के असतं, पण ते गुण एकच वर्ष चालतात. विचार कर, पण वर्ष घालवू नकोस.

प्रश्न : वय ३७. मांजलपूरला शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी समाजशास्त्रात पीएच.डी.ची नोंदणी केली. विषय 'बडोद्यातील मराठी भाषक कुटुंबांचा भाषाव्यवहार'. कोर्सवर्क झालं. ३१ मुलाखती रेकॉर्ड केल्या, चारशेच्या वर पीडीएफ जमवल्या. पण लिहून एक प्रकरणही झालं नाही. दर सहा महिन्यांनी कामाचा आढावा घेणाऱ्या समितीपुढे 'वाचन चालू आहे' असं सांगते आणि घरी येऊन रडते. पुढच्या वर्षी सर रिटायर होत आहेत. घरी दोन मुलं आहेत. बाई, सोडून देऊ का? – एक वाचक, बडोदा

उत्तर : सोडू नका. का ते सांगते, पण आधी भीती घालवू.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे प्रवेशापासून सहा वर्षं मिळतात. त्यावर पुन्हा नोंदणी करून दोन. स्त्रियांना आणखी दोन. एकूण दहा. शिवाय बाळंतपणासाठी किंवा मुलांसाठी पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. तुमची दोनच वर्षं झाली आहेत. सरांचं म्हणाल, तर निवृत्तीनंतरही ते वयाच्या सत्तरीपर्यंत सहमार्गदर्शक राहू शकतात. मुख्य गाइड विभागातला दुसरा कोणी असेल. पण हे आपोआप होत नाही. याच सत्रात विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या, नव्या गाइडचं नाव समितीच्या इतिवृत्तात येऊ द्या. 'बघू, होईल' एवढ्यावर राहू नका. सरांचं टेबल रिकामं झाल्यावर धावपळ करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

आता खरं दुखणं. तुम्ही जमवताय आणि लिहीत नाही. हे मला बाहेरून सांगता येत नाही, कारण मी हेच केलं आहे.

मी १९८७ साली नोंदणी केली. विषय बडोदा संस्थानातलं सक्तीचं प्राथमिक शिक्षण. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्ती करून पाहिली आणि १९०६ साली सगळ्या संस्थानात लागू केली, हे बडोद्यातलं शाळकरी पोरही सांगतं. मला त्याच्या खालचं बघायचं होतं. मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना दंड होई. तो दंड कोणाला झाला, कोणी भरला, कोणी माफीसाठी अर्ज केला? सकाळी कॉलेज, दुपारी अभिलेखागार. कापडाचा रुमाल सोडायचा, आतले कागद एकेक करून उलगडायचे, पेन्सिलीने उतरवून घ्यायचे, पाच वाजता पुन्हा गाठ मारायची. अर्ज बहुधा गुजरातीत, पण समासात आणि हिशेबाच्या कागदांवर मोडी. मोडी मी एका पुस्तकावरून शिकले होते. अक्षरं ओळखता येत, शब्द तोडून लिहिलेले नसले तरी हळूहळू उलगडत. अडीच वर्षांत दोनशेपानी सत्तावीस वह्या भरल्या. सर विचारायचे, काय लिहिलं? मी म्हणायची, अजून रुमाल बाकी आहेत. मनापासून वाटे, सगळं बघून झाल्याशिवाय लिहिणं म्हणजे लबाडी.

१९९०च्या उन्हाळ्यात सर म्हणाले, "आता वही आणू नका. सोमवारी दहा पानं आणा." मी तीन रात्री बसून चार गावांच्या दंडावर अकरा पानं लिहिली. शेवटी कोष्टक : नाव, धंदा, किती गैरहजेरी, दंड. दोन रुपये, दोन रुपये, दोन रुपये. वर ठासून लिहिलं, की दंड इतका जबर होता की गरिबाचं कंबरडं मोडावं. सरांनी पानं शांतपणे वाचली, कोष्टकापाशी पेन्सिल थांबली. म्हणाले, "दोन रुपये? त्या काळी शेतमजूर एवढे एकदम कुठून देणार? आणि तेही महिन्यात दोनदा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी अभिलेखागारात जाऊन एका कागदावरच्या रकमेची हुबेहूब नक्कल काढली आणि रावपुऱ्यात एक म्हातारे निवृत्त कारकून राहत, त्यांच्याकडे गेले. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणत असू. त्यांनी भिंग लावलं आणि लगेच म्हणाले, "ताई, हे दोन नव्हेत. हे आठ आणे."

जुन्या हिशेबात रुपयाचा पाव भाग एका उभ्या रेघेने दाखवत. दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. माझ्या पुस्तकात अक्षरं होती, आकडे होते, रकमेच्या या खुणा नव्हत्या. दोन रेघा दिसल्या की मी दोन रुपये लिहीत गेले. सत्तावीस वह्यांमध्ये जिथे जिथे आठ आणे होते तिथे दोन रुपये झाले होते. चौपट.

त्या संध्याकाळी सुरसागरच्या काठावर बसून राहिले होते, घरी जावंसं वाटेना. अडीच वर्षं ती चूक माझ्या वहीत होती आणि कोणाला दिसली नाही, कारण वही कोणी वाचत नाही. मीसुद्धा नाही. पान लिहून दुसऱ्याच्या हातात दिलं, तेव्हा तासाभरात ती उघडी पडली. जे प्रकरण ढासळलं त्याच्या जागी दुसरं आलं, आणि ते खरं होतं. माझ्या त्या चार गावांच्या कागदांत दंड लहान होता, पण पुन्हा पुन्हा त्याच घरांवर पडत होता. आठ आणे, महिन्याने पुन्हा आठ आणे, तेच नाव. हे मला वह्यांत दिसलं नव्हतं, कोष्टक दुरुस्त करताना दिसलं. माझ्या थीसिसचं तिसरं प्रकरण त्यावर उभं आहे.

म्हणून सांगते, तयारी झाल्यावर लिहू असं म्हणू नका. आपल्याला काय कळलं नाही, हे लिहिल्यावरच कळतं.

आता तुमचं काम. ३१ मुलाखती सगळ्या शब्दशः उतरवायला बसू नका. एका तासाच्या रेकॉर्डिंगला चार-सहा तास सहज जातात, आणि घरात बायका एकमेकींचं बोलणं तोडत बोलल्या असतील तर त्याहून जास्त. तुम्ही शाळा सांभाळून कधी करणार? सगळ्या एकदा कानांनी ऐका, कुठे काय आहे ते मिनिटासकट टिपा आणि आठच पूर्ण उतरवा. त्या आठांत सगळ्यात म्हातारी माणसं आधी घ्या. १ मे १९६० पर्यंत बडोदं मुंबई राज्यात होतं. त्याआधी शाळेत गेलेली माणसं आता पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. त्यांच्या बोलण्यात काही अस्पष्ट राहिलं असेल तर पुन्हा जाऊन विचारायला आजच हवं.

विषयही लहान करा. 'बडोद्यातील मराठी कुटुंबांचा भाषाव्यवहार' हे पाटीवर लिहायला छान आहे, पण त्यात प्रश्न नाही. माझ्याच घरातलं सांगते. मी भाजी म्हणते, मुलगा पाहुण्यांसमोर भाजी म्हणतो आणि आमच्याशी बोलताना गुजराती शाक, आणि नात मला सांगते, "आजी, पंखो चालू कर ना." सून नगरची. ती आली तेव्हा मुलगा सहा महिने अगदी शुद्ध मराठी बोलत होता, मग पुन्हा मूळपदावर. यातला प्रश्न बघा : महाराष्ट्रातून सून आली की घरातली भाषा बदलते का, आणि किती दिवस टिकते? तुमच्या ३१ घरांपैकी किती घरांत बाहेरून आलेली सून आहे, ते आज रात्रीच मोजा. दहा निघाली तर एक प्रकरण तुमच्याकडे आधीच आहे.

दर पंधरवड्याला सरांना पाच पानं द्या. चांगली नसली तरी द्या. शनिवारी शाळा लवकर सुटत असेल तर घरी जाऊ नका, वाचनालयात जा. मांडवीजवळचं मध्यवर्ती वाचनालय १९१० सालचं. तिथे लोखंडी मांडण्यांमधल्या काचेच्या फरशीवरून चालताना मला अजूनही शिस्त लागते. हंसा मेहता लायब्ररीतही चालेल. पण घरी नको. घरी मुलं हाक मारणारच, आणि त्यांनी मारावी.

एक धोका सांगून ठेवते. चारशे पीडीएफमधून तुम्ही वाक्यं उतरवून घेतली असतील. कोणतं वाक्य त्यांचं आणि कोणतं तुमचं, हे सहा महिन्यांनी तुम्हालाच ओळखू येणार नाही. सबमिशनच्या वेळी सॉफ्टवेअर सगळं तपासतं. नियमाप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. त्याच्या वर ४० टक्क्यांपर्यंत गेलं तर सुधारून पुन्हा द्यावं लागतं, ६०च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. आजपासून दुसऱ्याचं वाक्य लिहिलं की लगेच अवतरणचिन्ह आणि पान क्रमांक. मागच्या टिपणांतलं जे आठवत नाही ते वापरूच नका.

आणि रेकॉर्डिंगच्या प्रती तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक घराबाहेर. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा माझ्या ओळखीच्या एका मुलीचा तळमजल्यावरचा लॅपटॉप आणि हार्ड डिस्क दोन्ही गेले. तिच्या बहिणीच्या ईमेलमध्ये जुनी प्रत निघाली म्हणून ती आज थीसिस लिहिते आहे.

पुढच्या समितीत 'वाचन चालू आहे' म्हणू नका. पाच पानं टेबलावर ठेवा. त्यांनी चुका काढल्या तर काढू देत. पहिल्यांदाच तुमच्या कामावर बोलणं होईल, तुमच्यावर नाही.

प्रश्न : आमची मुलगी बडोद्याला रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. चौथं वर्ष. सुट्टीला घरी आली की खोलीत बसून असते. 'कधी संपणार' विचारलं की डोळ्यांत पाणी येतं. तिच्या लग्नाचंही बघायचं आहे. आम्ही कसं बोलावं? – एक वडील, ग्वाल्हेर

उत्तर : 'कधी संपणार' हा एक प्रश्न तेवढा घरातून बंद करा. तिला स्वतःलाच ठाऊक नसतं. प्रयोगशाळेत एखादी अभिक्रिया महिनोन्‌महिने जमत नाही, आणि जमली नाही त्याचं कोणी प्रमाणपत्र देत नाही. त्याऐवजी विचारा, या आठवड्यात काय करून पाहिलंस? समजलं नाही तरी ऐका. ती सांगत असेल तर मध्ये बोलू नका.

खोलीत बसणं थकव्याचंही असू शकतं. पण जेवण-झोप बिघडली असेल, कशातच मन लागत नसेल, तर घरच्या डॉक्टरांकडे न्या, उशीर करू नका. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तो नंबर तिच्या फोनमध्ये असू द्या, आणि तुमच्याही. लग्नाचा विषय थीसिसशी बांधू नका. स्थळ चांगलं आलं तर मोकळेपणाने सांगा, ती नाही म्हणाली तर कारण ऐका. 'आधी हे संपव, मग ते' असं म्हटलं की दोन्हींचं ओझं एकाच तारखेवर पडतं.

माझ्या सासूबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. मी लिहायला बसले की त्या चहा ठेवून जात, काही विचारत नसत. आठ आण्यांची भानगड झाली त्या रात्री मात्र त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आता उद्या काय करायचं?" मी म्हटलं, वह्या पहिल्यापासून तपासायच्या. त्या उठल्या आणि सत्तावीस वह्या क्रमाने लावून माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. तुमच्या मुलीलाही तेवढंच विचारा : उद्या काय करायचं आहे?